एन्रॉनला हाकलले म्हणून अंधार आला?

उन्हाळा आला की कुणीतरी ठामपणे लिहिते : एन्रॉनला हाकलले, म्हणून महाराष्ट्राच्या नशिबी भारनियमन आले. मित्रहो, कालक्रम लावून पाहिला की हे विधान टिकत नाही.

जून १९९२ मध्ये एन्रॉनची मंडळी मुंबईत आली आणि त्याच महिन्यात वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. निविदा मागवल्याच नाहीत. १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज नाकारले. प्रकल्प गरजेपेक्षा मोठा असून त्याची महाग वीज कोळशाच्या स्वस्त विजेला बाजूला सारील, हे तिचे कारण. हे मत कुणा आंदोलकाचे नव्हे, खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्या बँकेचे! तरीही डिसेंबरात खरेदी करार झाला. प्रकल्प समुद्रात बुडविण्याची भाषा करीत सत्तेवर आलेल्या युतीने ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्द केला, आणि फेरवाटाघाटीनंतर परत आणला.

खरी मेख करारात होती. वीज घेतली वा न घेतली, मंडळाने स्थिर आकार भरायचाच, तोही बव्हंशी डॉलरशी बांधलेला. मे १९९९ पासून दाभोळची वीज येऊ लागली, इंधन नाफ्था. महाग म्हणून मंडळ कमी वीज घेई, तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडे, दर आणखी चढे, आणि मंडळ आणखी हात आखडता घेई. २००० मध्ये काही महिने हा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. डिसेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले ते तिच्याच हिशेबांतील लबाडीने.

म्हणजे हाकलले कुणी? २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले, गावोगावी अंधार पडत होता, आणि तयार संच दाभोळच्या किनाऱ्यावर बंद उभे होते. तुटवडा यंत्रांचा तेवढा नव्हता; परवडणाऱ्या विजेचा होता.

आपण पुणेकर तर या विषयावर जरा जपूनच बोलावे. २००६ मध्ये नियामक आयोगाच्या संमतीने येथील कारखान्यांनी स्वतःची जनित्रे चालवली, वाढीव खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलांत घातला गेला, आणि शहर भारनियमनमुक्त झाले. योजना कल्पक होती, हे मान्य. परंतु ज्याची ऐपत होती त्याने उजेड विकत घेतला, हेही तितकेच खरे. वारज्यात आमच्या घरी पंखा फिरू लागला, तेव्हा आजोळी मामा रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला निघत असे.