पानगळीतला गळ

मराठीत एखाद्याला 'गळ घालणे' म्हणजे त्याची मनधरणी करणे, आणि 'गळाला लागणे' म्हणजे फसणे. घालणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर आर्जव, लागणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर घात. एकाच वस्तूचे हे दोन अर्थ भाषेने नेमके टिपून ठेवले आहेत. मात्र या दोहोंच्या मधला जो काळ, म्हणजे गळ पाण्यात पडला आहे आणि अजून काहीच घडलेले नाही असा काळ, त्याच्याकडे आपल्या भाषेचे आणि साहित्याचेही फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. आणि त्याहीआधीचा, गळ अजून घरातच आहे, ऋतू यायचा आहे, आणि मन मात्र पाण्याकाठी जाऊन बसले आहे, असा काळ तर आपण लेखनाचा विषयच मानलेला नाही. अमेरिकेत या काळाविषयी उदंड लिहिले जाते. त्या लेखनाला कोणी साहित्य म्हणत नाही. ते म्हटले जावे असे आम्हांस वाटते, आणि त्याची कारणे येथे मांडायची आहेत.

विषय आहे शरदातल्या 'बास' माशाच्या शिकारीचा. अमेरिकन माणूस या ऋतूला 'फॉल' म्हणतो. गळणे या क्रियेवरून आलेले हे नाव आपल्या 'पानगळी'ला जवळचे आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा त्याचा काळ. 'बास' म्हणजे मुख्यतः 'लार्जमाउथ बास': हिरवट पाठीचा, रुंद जबड्याचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. नाव बास असले तरी तो 'सनफिश' कुळातला आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांत तो मूळचा, पण माणसाने त्याला पुढे जवळजवळ साऱ्या देशात आणि देशाबाहेरही नेऊन सोडले. जेम्स हेन्शॉल या डॉक्टराने १८८१ साली या माशावर एक सबंध ग्रंथ लिहिला आणि आकाराच्या मानाने याच्याइतका झुंजार मासा दुसरा नाही, असा दावा केला. तो दावा आजही बासप्रेमींच्या तोंडी असतो.

शरदाचीच वाट का पाहायची? याचे उत्तर पाण्याच्या भौतिकशास्त्रात आहे. उन्हाळ्यात खोल तलावांचे थर पडतात. वर ऊन लागलेले हलके पाणी, खाली थंड व जड पाणी. आणि तळाच्या थरात हळूहळू प्राणवायू कमी होत जातो. शरदात रात्री गार होऊ लागल्या की वरचे पाणी थंड व जड होऊन खाली बसू लागते, वारा त्याला ढवळतो, आणि थर मोडून सारा तलाव एकजीव होतो. या उलथापालथीच्या काही दिवसांत मासेमारी हमखास फसते. त्याच सुमारास 'शॅड' नावाच्या लहान माशांचे थवे मोठ्या जलाशयातून त्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या मुखांकडे, मग त्यांच्या उथळ टोकांकडे सरकू लागतात, आणि हिवाळ्याआधी पोट भरून घेण्यासाठी बास त्यांच्या मागे जातो. बास हा शीतरक्ताचा प्राणी. पाणी अतिशय गार झाले की त्याची हालचाल व भूक दोन्ही मंदावतात. तेव्हा खेळ आहे तो या मधल्या काही आठवड्यांचाच.

'वाट पाहणे' हा आपला वाक्प्रचार आपण इतका वापरला आहे की त्यातली 'वाट' आपल्याला दिसेनाशी झाली आहे. शरदाची वाट पाहणारा बासशिकारी मात्र अक्षरशः वाट पाहतो. शॅडचा थवा कोणत्या ओढ्याने आत शिरेल, कोणत्या वळणावर थबकेल, बुडालेल्या कोणत्या झाडाच्या आडोशाला बास दबा धरून बसेल, हे तो ऑगस्टातच नकाशा पसरून पाहू लागतो. टेनेसी राज्यात स्थायिक झालेला आमचा एक माजी विद्यार्थी दर वर्षी ऑगस्टात पत्र पाठवतो. गेल्या वर्षीच्या पत्रात त्याने लिहिले होते, "सर, अजून घाम गळतोय, पण डबे उघडून बसलोय. चंदेरी आमिषे एका बाजूला काढली. ऑक्टोबर येईपर्यंत निम्मे मासे मनातच पकडून होतात." हा विद्यार्थी वर्गात विरहिणीच्या अभंगांवर मोठे मार्मिक प्रश्न विचारी. प्रतीक्षा ही रिकामी जागा नसून मनाची एक भरगच्च कृती आहे, हे त्या वेळी आम्ही त्याला शिकवत होतो. आता तो आम्हांस शिकवतो आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अमेरिकन साहित्यात मासेमारीला मानाचे स्थान आहे, पण ते ट्राउट माशाला. हेमिंग्वेची १९२५ सालची 'बिग टू-हार्टेड रिव्हर' ही कथा ट्राउटची. रिचर्ड ब्रॉटिगनच्या १९६७ सालच्या कादंबरीच्या नावातच ट्राउट आहे. नॉर्मन मॅक्लीनचे १९७६ सालचे 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' पुन्हा ट्राउटचेच. ट्राउट थंड, वाहत्या, निर्मळ पाण्यातला. त्याला कृत्रिम माशीने पकडण्याच्या कलेला इंग्लंडचा वारसा, आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या ग्रंथापासूनची परंपरा. बास मात्र संथ, गढूळ, कोमट पाण्यातही सुखाने नांदतो. तो दक्षिणेतल्या शेतकऱ्याचा, कारखान्यातल्या कामगाराचा मासा. रे स्कॉट या विमा-विक्रेत्याने १९६७ साली आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली आणि १९६८ साली बासशिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. तेव्हापासून बासभोवती नियतकालिके, स्पर्धा, बोटी यांचे मोठे विश्व उभे राहिले. साहित्याच्या दरबारात त्याला ट्राउटशेजारी पाट मात्र कोणी मांडला नाही. म्हणजे अभिजाताची उतरंड माशांनाही चुकलेली नाही! मासा ज्या वर्गाचा, त्या वर्गाची प्रतिष्ठा त्याच्यावरील लेखनाला मिळते, हे आम्हांस मोठे बोलके वाटते.

आणि तरीही बासविषयीच्या त्या साध्या, 'कसे करावे' थाटाच्या लेखांत जे आहे ते पुष्कळ प्रतिष्ठित ललित गद्यात नसते. त्यात पाण्याच्या तापमानाचा अंश आहे, वाऱ्याची दिशा आहे, आमिषाचा रंग ढगाळ दिवशी कोणता व स्वच्छ उन्हात कोणता याचा विचार आहे. ऋतू तेथे लेखकाच्या मनःस्थितीचा आरसा म्हणून येत नाही. तो स्वतःच्या हक्काने येतो, आणि लेखकाला त्याच्यापुढे नमते घ्यावे लागते. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'चे (१९५६) थोरपण आम्ही वर्गात सांगतो ते याच कारणासाठी: तेथे भावनेच्या आधी निरीक्षण आहे. पण त्यानंतरच्या आपल्या पुष्कळ ललित लेखनात पाऊस म्हणजे आठवण आणि नदी म्हणजे आई, एवढेच उरले. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान त्या गद्यात उतरलेच नाही. कोळी, भोई यांना पाण्याविषयी जे ठाऊक आहे ते मराठी गद्याच्या पाठ्यपुस्तकात कितीसे आहे? नारळी पौर्णिमेची वाट पाहणारा कोळी आपल्या गाण्यांत आहे, पण तो वाट पाहताना नेमके काय पाहतो, हे सांगणारे गद्य अभ्यासक्रमात शोधावे लागते. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याला पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणले. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेल्या त्या माणसाची प्रतीक्षा आपण प्रेमाने वाचली. पण आपल्या किनाऱ्यावरचा माणूस त्या तपशिलाने लिहू लागला, तर आपण त्याला ललित म्हणू की 'माहितीपर' म्हणून बाजूला ठेवू?

या लेखनाचे आकर्षण मान्य करताना त्याच्यावरचे आक्षेप झाकून ठेवणे बरे नव्हे. पहिला आक्षेप जागेविषयी आहे. बासशिकारीचे कितीतरी प्रसिद्ध तलाव हे तलाव नव्हेतच, ती धरणांची जलाशये आहेत. १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने टेनेसी नदीवर व तिच्या उपनद्यांवर धरणांची मालिका बांधली, आणि त्यापायी हजारो कुटुंबांना घरे-शेते सोडावी लागली. आज बासशिकारी नकाशात जे शोधतो त्यात बुडालेले रस्ते, जुन्या पुलांचे अवशेष, घरांचे चौथरे असतात. कारण मासा अशा आडोशालाच राहतो. एकाचे उठलेले घर ही दुसऱ्याची हमखास जागा! विश्वास पाटलांची 'झाडाझडती' वाचलेल्या मराठी वाचकाला या वाक्यापाशी थबकावेच लागेल. त्या लेखांमध्ये चौथऱ्याची खोली किती फूट, हे दिलेले असते; तो कोणाचा होता, हे सहसा नसते. हे लेखन साहित्य म्हणून वाचायचे तर हा प्रश्नही त्याला विचारला पाहिजे. माहितीपर म्हणून सोडून दिले, की तो विचारायचेही राहून जाते.

दुसरा आक्षेप माशाच्या बाजूने. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा, बास पकडला. महामंदीचे दिवस होते. मासा तोलला गेला आणि मग घरी शिजवून खाल्ला गेला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी किंचित जड मासा पकडला, पण फरक नियमापेक्षा कमी म्हणून विक्रम बरोबरीचा ठरला. पेरीने मासा खाल्ला, यात आम्हांस काही खटकत नाही. पुढे १९७२ साली स्कॉट यांनी मासा मारू नका, जिवंत सोडा, अशी मोहीम सुरू केली, आणि आज बासशिकारीत पकडून सोडणे हाच शिष्टाचार झाला आहे. त्यामुळे माशांची संख्या राखायला मदत झाली हे खरे. पण भुकेसाठी मारणे आणि खेळासाठी पकडून सोडणे यांत अधिक निरागस कोणते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. सोडलेले सगळेच मासे जगतात असेही नाही. मासेमारी केल्यावर स्वतःविषयीचा आदर थोडा उणावतो, अशी कबुली थोरोने 'वॉल्डन'मध्ये (१८५४) दिलेली आहे. आपल्या भाषेने तर 'गळाला लागणे'मध्ये माशाची बाजू कधीच घेऊन ठेवली आहे.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा काळजीची. गेल्या काही वर्षांत बोटीपुढचे पाणी प्रत्यक्ष त्या क्षणी पडद्यावर दाखवणारी सोनार यंत्रे आली आहेत. मासा कोठे आहे, आमिषाकडे वळला की नाही, हे शिकारी पडद्यावर पाहतो. यावर बासविश्वात मोठे वाद झाले, काही स्पर्धांनी या यंत्रांवर मर्यादाही घातल्या. आम्हांस त्या वादात एक ओळखीचा आवाज ऐकू येतो. आमच्या वर्गात कविता येण्याआधी तिचा सारांश येतो. पूर्वी तो गाइडातून येई, आता क्षणार्धात यंत्रातून येतो. विद्यार्थ्याला मासा दिसतो, पाणी दिसत नाही. अर्थ हाती लागतो, पण त्या अर्थाची वाट त्याने पाहिलेली नसते. कवितेपाशी काही न कळता बसून राहणे, उलथापालथीचे ते फसलेले दिवस सोसणे, हे वाचनाचे अंग आहे. ते वगळून मिळालेला अर्थ वजनात कमी भरतो असा आमचा अनुभव आहे. सोनार वापरणाऱ्याला मासे अधिक मिळतात, हे नाकारता येणार नाही. प्रश्न एवढाच, की त्याला ऑगस्टात स्वप्ने पडतात का?

हेमिंग्वेच्या त्या कथेचा शेवट येथे आठवतो. युद्धाहून परतलेला निक नदीत मासे धरतो, पण पुढच्या दाट, अंधाऱ्या दलदलीत उतरत नाही. ते तो पुढच्या दिवसांवर सोडतो. हे पुढे ढकलणे भित्रेपणाचे नाही. ज्याच्यापाशी उद्यासाठी काही राखून ठेवलेले आहे तो माणूस सावरू लागला आहे, एवढेच त्यातून कळते. बासच्या शरदाविषयी लिहिणारी साधी माणसे, न लिहिल्यासारखे करून, हेच लिहीत असतात.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पदवीच्या वर्गात ललित गद्य शिकवताना एखादा लेख असा घ्यावा, की जो कोणा काम करणाऱ्याने आपल्या कामाच्या ऋतूची वाट पाहताना लिहिला आहे. तो होडी डागडुजणाऱ्याचा असेल, आंब्याच्या मोहराकडे पाहणाऱ्या बागायतदाराचा असेल, किंवा सातासमुद्रापार आमिषांचा डबा उघडून बसलेल्या एखाद्या मराठी माणसाचा असेल. त्याला अलंकार शोधण्याचा प्रश्न विचारू नये. त्याने काय काय पाहिले आणि काय पाहायचे टाळले, एवढेच विचारावे. असे लेख आपल्याकडे थोडे असतील, तर ते लिहावेत म्हणून या माणसांना गळ घालणे, हे काम मराठीच्या शिक्षकांचेच आहे.