कोरेगावला निघण्यापूर्वी टायर बघा

१ जानेवारीला विजयस्तंभास मानवंदना देण्यासाठी नगरहून आपली कितीतरी कुटुंबे मोटारसायकलवर कोरेगाव भीमाला निघतात. नव्वदेक किलोमीटर रस्ता, पहाटेचा गारठा, मध्ये लेकरू, मागे त्याची आई. गाडी धुतली जाते, निळा झेंडा लागतो. टायरकडे मात्र कोणी बघत नाही.

२०२४ साली आम्हीही फसलो. दुकानदाराने नव्या टायरचे तीनशे रुपये कमी केले, आम्ही खूश! सुप्याजवळ ब्रेक दाबला आणि गाडी घसरली. मागे वाहन नव्हते म्हणून निभावले. घरी येऊन टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले : १४१७. म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातला माल. रबर दुकानात पडूनही कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. जन्मभर आकडेमोड करणारे आम्ही, नेमके हेच आकडे वाचले नव्हते!

माप कंपनीने दिलेलेच घ्यावे. रुबाबासाठी घातलेला रुंद टायर कधी साखळीला घासतो, पेट्रोलही जास्त खातो. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. मागचा लवकर झिजतो म्हणून लोक तेवढाच बदलतात. पण जोरात ब्रेक दाबल्यावर भार पुढच्या चाकावर येतो, तेव्हा पुढचाही तपासावा. सोबत ट्यूब नवीच टाकावी.

नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो. म्हणून तो ३१ डिसेंबरच्या रात्री बसवू नका. पंधरा दिवस आधी बसवून कामावर जाता-येता जपून चालवा.