असेंब्लीच बदलावी लागेल!

मराठीतले सर्वात महागडे तीन शब्द कोणते? माझ्या मते, "असेंब्लीच बदलावी लागेल". यातला पहिला शब्द मराठी नाही अशी हरकत कुणी घेईलही, पण त्याने आधी बिल पाहावं आणि मग बोलावं.

हे वाक्य हल्ली मिक्सरपासून गिझरपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पण त्याचा खरा माज पाहायचा असेल तर जुन्या स्टेशन वॅगनची अडकलेली डिक्की घेऊन सर्व्हिस सेंटरला जावं. माझा एक मित्र गेला होता. मागचं दार उघडत नाही एवढीच तक्रार. दार न उघडताच निदान झालं: कुलूप, मोटर, सगळा संच बदलावा लागेल. मग कळलं की तो संच आता येतच नाही. मग सल्ला मिळाला, "सर, किती दिवस वापरणार? काढून टाका आता." इंजिन ठणठणीत, गिअर ठणठणीत, आणि गाडी काढायची कशासाठी, तर डिक्की अडकली म्हणून!

आपल्याकडे स्टेशन वॅगन कधी रुजलीच नाही. १९९२ मध्ये टाटांची इस्टेट आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, २००४ मध्ये इंडिगो मरीना. सगळ्या आल्या आणि गेल्या. अल्टुरा काय किंवा मरीना काय, पुढून त्या आपापल्या सेडान भावंडांसारख्याच. त्यामुळे पुढचे बरेचसे पार्ट वर्षानुवर्षं मिळत राहतात. वेगळी असते ती पाठ. म्हणजे अशी गाडी सगळ्यात आधी पोरकी होते ती मागच्या दारापाशी.

आता बिघाड काय असतो ते पाहू. यात काही गूढ नाही. गाडीच्या चौकटीवर एक लोखंडी कडी असते आणि दारात तिला धरून ठेवणारा लॅच. हँडल किंवा मोटर एका बारीक सळईने नाहीतर केबलने लॅचची खिट्टी ओढते. सळई जिथे अडकवलेली असते तिथे बहुधा नखाएवढी प्लॅस्टिकची क्लिप असते. उन्हाने ती कडक होते आणि एक दिवस तुटते. दुसरं कारण वायरींचं. दार उघडताना-मिटताना बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी हजारो वेळा वाकतात आणि आतल्या आत तुटतात. तिसरं कारण धूळ. सपाट पाठीची गाडी धावते तेव्हा मागे हवेचा भोवरा होतो आणि रस्त्यावरची धूळ, चिखल मागच्या काचेवर येऊन बसतो. म्हणून तर अशा गाड्यांना मागेही वायपर देतात. काचेला वायपर मिळाला, पण त्याच धुळीत खाली बसलेल्या लॅचला? कारखान्यात एकदा लावलेलं ग्रीस. तेच पुढे वाळून डिंकासारखं होतं.

यातलं नेमकं काय झालंय हे ओळखायला संगणक लागत नाही, कान लागतात. एकाने बटण दाबावं, दुसऱ्याने दाराला कान लावावा. "टक" आवाजच नाही, तर फ्यूज, वायर किंवा मोटर. आवाज येतो पण दार हलत नाही, तर सळई किंवा लॅच. बटण दाबून ठेवून दार आत ढकलून पाहावं. कडीवरचा ताण सुटला की पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. नाहीच झालं तर मागची सीट पाडायची, टॉर्च घेऊन आत सरपटत जायचं, दाराच्या आतलं आवरण हलक्या हाताने उचकटायचं आणि स्क्रू ड्रायव्हरने खिट्टी सरकवायची. दार उघडलं की दांडकं लावून ठेवायचं, कारण जुन्या गाडीचे गॅसचे दांडे मेलेले असतात आणि दार डोक्यात बसतं. मग लॅच साफ करून नवं ग्रीस, नवी क्लिप, तुटलेल्या वायरीला चांगला जोड. मित्राची क्लिपच तुटली होती. पेठेतल्या गॅरेजवाल्याने दुसऱ्या कुठल्याशा गाडीची बसवली. "कुणाचं कुणाला बसतं" हे त्याच्या डोक्यात आहे, कुठल्याही पुस्तकात नाही. तो गेला की ते ज्ञानही गेलं.

ती क्लिप कंपनी सुटी का विकत नाही, हा माझा प्रश्न आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच धर्तीच्या दुखण्यावर. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्यायची नाहीत, असा तो कारभार होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि पोर्टलला क्लिप लटकवता येत नाही.

कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: सुरक्षितता. नवशिक्याने लॅच खोलला आणि हायवेवर दार उघडलं तर? भीती खोटी नाही. पण मग त्यावर उपाय काय? लॅच कसा खोलायचा, कसा तपासायचा हे छापून सगळ्यांना द्या. माहिती दडवल्याने दुरुस्ती थांबत नाही, ती फक्त अंदाजपंचे होते. दुसरा युक्तिवाद मजुरीचा: क्लिप दोन रुपयांची, पण तासभर माणूस लागतो. लागू दे की! त्या तासाचे पैसे द्यायला मी तयार आहे. ते एका कारागिराच्या घरात जातील.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षं वाढवून घेता येते. १ एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर नेलं. त्यावर चिडायला जागा आहे, पण सरकार निदान गाडी तपासून तरी निकाल देतं. कंपनी मात्र नखाएवढा तुकडा न विकून चालती गाडी भंगारात धाडते, आणि आपण त्याला "जुनी झाली हो" म्हणून माना डोलावतो. या माना डोलावण्यावरच हा धंदा चालतो.

तेव्हा पुढच्या वेळी ते तीन शब्द ऐकू आले की शांतपणे विचारा, "त्यातला नेमका कुठला भाग गेलाय? मला दाखवा." आणि काढलेला जुना संच सोडून येऊ नका. घरी आणा, खोला. बाकी सगळं चांगलं आणि एकच क्लिप तुटलेली दिसली, तर तो संच घेऊन परत त्याच काउंटरवर जा.