मुद्दल म्हणजे काय?

उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांत राबणाऱ्या, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणाऱ्या आणि बदलापुराहून पहाटेची लोकल गाठणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनो, शाळेची फी, दवाखाना, खोलीची अनामत यांसाठी कर्ज काढण्याचा प्रसंग कोणावर येत नाही? परंतु कागदावर सही करण्यापूर्वी एका शब्दाचा अर्थ आपणांस ठाऊक असलाच पाहिजे. तो शब्द म्हणजे मुद्दल.

कागदावरील आकडा म्हणजे मुद्दल नव्हे. ऋणकोच्या हाती प्रत्यक्ष दिलेली रक्कम तेच मुद्दल, अशी व्याख्या १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने केली. त्याच्या जागी आलेल्या २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानेही तीच कायम ठेवली. सावकाराने १२,००० रुपये लिहून, व्याज आधीच कापून १०,८०० रुपये हातावर ठेवले, तर तुमचे मुद्दल १०,८०० रुपयेच होय.

आता हप्त्याचा हिशेब पाहा. १२,००० रुपये एका वर्षासाठी १२ टक्क्यांनी घेतले आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडले. व्याज शिल्लक मुद्दलावर असेल, तर पहिल्या महिन्यास १२०, दुसऱ्यास ११० आणि शेवटच्यास १० रुपये पडेल, वर्षाचे ७८०. तेच व्याज मूळ रकमेवर सरसकट धरले, तर १,४४० रुपये! म्हणून केवळ दर विचारून स्वस्थ बसू नका. व्याज कोणत्या रकमेवर, हे विचारा.

दरमहा दहा टक्के देणाऱ्याचे व्याज दहा महिन्यांत मुद्दलाइतके होते आणि मुद्दल मात्र जागचे हलत नाही. येथे दामदुपटीचा नियम तुमच्या बाजूस उभा आहे: सावकारास मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. बँका व पतसंस्था यांचे नियम निराळे आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा कोऱ्या कागदावर सही करू नका. सावकाराचा परवाना पाहा. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. प्रत्येक भरण्याची पावती मागा. तीत मुद्दल किती व व्याज किती, हे वेगळे लिहून घ्या. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आजच कर्जाचे कागद काढावेत आणि आईवडिलांस ते वाचून दाखवावेत.