रुग्णवाहिकेतून : एवढ्या वर्षांनी पुन्हा परीक्षा?

सुट्टीवर गावी गेलो की आत्या हमखास विचारते, "अरे, इतकी वर्षं ॲम्ब्युलन्सवर आहेस, अजून परीक्षा कसल्या देतोस?"

देतो. आमच्या बीएलएस कार्डाची मुदत दोन वर्षांची. ते चालू हवं, शिक्षणाचे ठरलेले तास भरलेले हवेत, तेव्हा कुठे सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीजकडची नोंदणी नवी होते. नोंदणी अडली की काम अडतं, आणि परदेशात काम अडणं म्हणजे काय, हे हफ्रमधल्या मंडळींना मी काय सांगणार! अमेरिकेतल्या ईएमटीचीही यातून सुटका नाही. राष्ट्रीय नोंदणी टिकवायला त्यांना दर दोन वर्षांनी ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं.

नुसता कागदी सोपस्कार असता, तर मीही कुरकुर केली असती. पण शास्त्र बदलतं. मी शिकलो तेव्हा क्रम होता: आधी श्वासमार्ग, मग श्वास, शेवटी छातीवर दाब. २०१० साली तो बदलला, दाब पहिला आला. २०१५ मध्ये वरची मर्यादाही ठरली: मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली निदान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या पुढे नको. जुन्याच पाठावर थांबलेला माणूस आजही जीव तोडून मदत करील, पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करील.

शिवाय हात विसरतो. सराव नसेल तर काही महिन्यांतच. आमच्याकडे फोन येतात ते बहुतेक महामार्गावरच्या अपघातांचे. हृदय बंद पडलेला रुग्ण त्या मानाने क्वचित. मग वर्गात पुतळ्यासमोर गुडघे टेकले की कळतं, कोपर वाकतंय, दोन दाबांच्या मध्ये छाती पुरती वर येऊ देत नाही आहोत. पुतळा वय विचारत नाही, अनुभवही नाही. (गुडघ्यांचं मात्र तो बघत नाही, ही तक्रार आहेच.)

१०८ वर काम करणारे काही भाचे-पुतणे इकडे यायचं म्हणतात. त्यांना एकच सांगतो, प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आजपासून जपून ठेवा. इथे आधी डेटाफ्लोकडून कागदांची पडताळणी, मग प्रोमेट्रिकची परीक्षा.

आणि आपल्या मंडळातल्या सिस्टर, टेक्निशियन मंडळींनो, गावचं तिकीट काढण्याआधी कार्डावरची तारीख बघा. मुमारिस प्लसवर तास किती जमलेत, तेही आजच उघडून पाहा. शेवटच्या महिन्यात ते भरता भरत नाहीत.