गॅस की लाईट? आधी वही काढा, मग शेगडी घ्या



उसाला एकरी खर्च किती आला, हे आपला कोणताही जाणता सभासद बोटावर मोजून सांगतो. बेणे, नांगरट, खत, पाणी, बांधणी, सगळे तोंडपाठ. कारखान्यातही टनामागे वाफ किती लागली, वीज किती लागली, बगॅस किती उरला, याची रोज नोंद होते. पण त्याच सभासदाला विचारा, "भाऊ, घरच्या स्वयंपाकाला रोज गॅस किती जातो?" भाऊ घरात बघतात. आतून उत्तर येते, "सिलिंडर महिना-सव्वा महिना पुरतो." याला हिशेब म्हणत नाहीत, अंदाज म्हणतात.

हा विषय काढण्याचे कारण असे की, गावोगावी इंडक्शन शेगड्या आल्या आहेत. एक म्हणतो, लाईटवर स्वयंपाक गॅसपेक्षा स्वस्त पडतो. दुसरा म्हणतो, शेगडी आणली आणि बिल दुप्पट आले. गंमत अशी की, दोघेही खरे बोलतात. फरक आहे तो ज्याच्या-त्याच्या मीटरचा.

हिशेब अवघड नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅसमध्ये सुमारे १२.७ युनिट विजेइतकी उष्णता असते, म्हणजे पूर्ण सिलिंडरमध्ये १८० युनिट झाले. पण गॅसच्या शेगडीची बरीच आच भांड्याच्या बाजूने निघून जाते. शंभरातली पासष्ट अन्नाला मिळाली तर चांगले. इंडक्शन शेगडीत भांड्याचे बूडच तापते, त्यामुळे शंभरातली पंच्याऐंशीच्या आसपास कामी येते. हे सगळे जमेस धरले तर एका सिलिंडरचे काम सुमारे १४० युनिट विजेत होते. हा १४० आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता सिलिंडरच्या किमतीला १४० ने भागा. सोयीसाठी ९०० रुपये धरू. उत्तर आले सुमारे ६ रुपये ४० पैसे. तुम्हाला पडणारा विजेचा युनिट यापेक्षा स्वस्त असेल तर लाईट परवडते, महाग असेल तर गॅस. उज्ज्वला योजनेचे अनुदान मिळणाऱ्या घरी ते वजा करूनच भागाकार करावा. गॅसचा भावही एका जागी राहत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तो २०० रुपयांनी उतरला, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरला आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी चढला. म्हणून भाव बदलला की भागाकार नव्याने करायचा.

खरी मेख आहे ती लाईटबिलात. बिलाची रक्कम भागिले युनिट, असा सरासरी दर काढून चालत नाही. पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, पुढच्यांचा वेगळा. २०२४-२५ च्या महावितरणच्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे ऊर्जा आकार होता. त्यावर १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या टप्प्यात युनिट पडला ६ रुपये ८२ पैशांना आणि दुसऱ्या टप्प्यात १३ रुपये २९ पैशांना! इंधन समायोजन आकार आणखी वेगळा. आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घेऊन असाच हिशेब मांडा.

एक उदाहरण घेऊ. एका घरी महिन्याला ७० युनिट जळतात आणि सिलिंडर ३५ दिवस पुरतो. १४० भागिले ३५, म्हणजे स्वयंपाकाला रोज ४ युनिट, महिन्याला १२०. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर त्यातले ३० युनिट पहिल्या टप्प्यात बसतील आणि ९० दुसऱ्यात जातील. वरच्या दराने बिल वाढले सुमारे १,४०० रुपये. वाचला तो महिन्याचा गॅस ७७० रुपयांचा. आता सांगा, कोण स्वस्त?

म्हणून इंडक्शन वाईट असे मी म्हणत नाही. मीटर शंभराच्या आत राहत असेल तर चहा, दूध, भात त्यावर खुशाल करा. सिलिंडर संपला आणि दुसरा आला नाही, तर अडल्या वेळी ती कामास येते. पण खापरावरचे मांडे तिच्यावर होत नाहीत, भरताचे वांगे भाजत नाही, भाकरी आचेवर फुगत नाही. आणि लाईट गेली की सगळेच थांबते.

हिवाळ्यात अंघोळीचे पाणीही बरेच खाते, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. १५ लिटरची बादली चांगली गरम करायला जवळपास अर्धा युनिट लागतो. सहा माणसांचे घर असेल तर महिन्याला ९० युनिटांच्या घरात गेले. पऱ्हाटीवर पेटणारा बंब मोडीत काढून हीटर लावला आणि बिल पाहून डोळे पांढरे झाले, ते यामुळे.

आता आपल्या घरचे धन. चांगल्या वाढीचे जनावर रोज साधारण १० किलो शेण देते. २५ किलो शेणात एक घनमीटर गोबरगॅस होतो आणि तो ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसचे काम करतो. वरच्या उदाहरणातल्या घराला रोज लागतात ४०० ग्रॅम. म्हणजे दावणीला तीन जनावरे असली तर स्वयंपाक निघाला! थंडीत गॅस कमी पडतो हे खरे, पण तेवढ्यापुरता सिलिंडर हाताशी ठेवावा. शिवाय स्लरी उसाला मिळते, हा नफा वेगळा. गावोगावी गोबरगॅसच्या टाक्या माती भरून पडल्या आहेत. गोठ्यात जनावरे आहेत, टाकी आहे, फक्त रोज शेण कालवायचा कंटाळा आहे. हा कंटाळा फार महाग पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांचे छप्पर पक्के आहे त्यांनी सूर्यघर योजनेचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट वा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅट सरासरी रोज ४ युनिट देतो, आणि खानदेशात उन्हाला तोटा नाही. छपरावरची वीज उरत असेल तर मात्र इंडक्शनचा हिशेब पार पालटतो.

मळ्यात राहणाऱ्यांना एक सांगणे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना बिलाची माफी मिळाली, ती पंपासाठी. त्या लाईनीवर घरची शेगडी लावणे नियमात बसत नाही आणि जिवाशीही खेळ आहे.

तेव्हा एवढे करा. नवा सिलिंडर लावाल त्या दिवसाची तारीख वहीत लिहा, संपेल ती तारीख लिहा. दर रविवारी मीटरचा आकडा टिपा. हे काम घरच्या माउलीच्या हाती द्या, कारण शेगडीपुढे तीच बसते आणि काटकसर तिलाच कळते. मग शेगडी कोणती घ्यायची हे ठरवताना तिचा शब्द शेवटचा माना. उसाचे पैसे वर्षातून मोजक्या वेळा येतात, गॅस आणि लाईटबिल मात्र दर महिन्याला दार ठोठावतात.

— ऊस विकास अधिकारी