अस्सल, नक्कल, बनावट : एका आर्केड कार्ट्रिजची साक्ष

१/१३
मराठेशाहीचे कागद वाचू लागणाऱ्या विद्यार्थ्याला तीन शब्दांतला भेद लवकरच शिकावा लागतो. अस्सल म्हणजे मूळ कागद. नक्कल म्हणजे त्याची प्रत. आपण प्रत आहोत हे ती लपवत नाही. बनावट म्हणजे अस्सल असल्याचा आव आणणारा खोटा कागद. आजचा धागा या तीन शब्दांविषयीच आहे, पण दफ्तर वेगळे आहे : व्हिडिओ गेम पार्लरचे.

२/१३
निमित्त घरचेच. गेल्या वर्षी मी एका जुन्या पार्लरमालक काकांकडून ‘द किंग ऑफ फायटर्स ’९७’ची कार्ट्रिज विकत घेतली. लेबल झकास होते. घरी येऊन उघडली, तेव्हा आतला ऐवज बनावट निघाला. पहिला विचार आला तो फेकून देण्याचा. तो विचार चुकीचा का होता, हेच मला येथे मांडायचे आहे.

३/१३
थोडी पार्श्वभूमी. जपानमधील एसएनके या कंपनीने १९९० साली ‘निओ जिओ एमव्हीएस’ ही प्रणाली आणली. तोवर पार्लरमध्ये नवा खेळ आणायचा म्हणजे बहुधा यंत्रातील अख्खा सर्किट बोर्ड बदलावा लागे. येथे केवळ कार्ट्रिज बदलायची. काही यंत्रांत तर एका वेळी सहा कार्ट्रिज बसत. खर्च आटोपशीर झाला आणि नकला करणाऱ्यांचे कामही सोपे झाले.

४/१३
परीक्षणाचा पहिला नियम : लेबलावर विश्वास ठेवू नये. लेबल हा कागदाचा तुकडा आहे. कोणत्याही चांगल्या छापखान्यात तो पुन्हा छापता येतो. उलट, फाटक्या लेबलाखाली अस्सल ऐवज असू शकतो. अक्षर सुबक आहे म्हणून पत्र अस्सल ठरत नाही, तसेच हे.

५/१३
दुसरा नियम : कार्ट्रिज उघडून पाहावी. आत दोन बोर्ड असतात. एकावर चित्रांच्या चिप्स, दुसऱ्यावर मुख्य प्रोग्रॅम आणि ध्वनिमुद्रित आवाज. अस्सल बोर्डावर एसएनकेचे नाव आणि ‘निओ-एमव्हीएस’ने सुरू होणारा बोर्डाचा प्रकार स्वच्छ छापलेला असतो. हाच त्या कागदावरचा शिक्का.

६/१३
तिसरा नियम : चिपवरचा क्रमांक वाचावा. एसएनकेने प्रत्येक खेळाला क्रमांक दिला होता. ‘मेटल स्लग’चा २०१, ‘किंग ऑफ फायटर्स ’९७’चा २३२. कारखान्यातच मजकूर कोरून आलेल्या ‘मास्क रॉम’ चिपवर हा क्रमांक आणि पुढे चिपचे स्थान छापलेले असते. माझ्या कार्ट्रिजमध्ये २३२ कोठेच नव्हता. होत्या त्या बाजारात कोणालाही मिळणाऱ्या, पुन्हा लिहिता येण्याजोग्या चिप्स आणि हाताने जोडलेल्या दोन तारा.

७/१३
चौथा नियम : तारीख पाहावी. अनेक चिप्सवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ‘९७२८’ म्हणजे १९९७चा अठ्ठाविसावा आठवडा. १९९६च्या खेळात २००३ची चिप आढळली, तर निदान दुरुस्ती तरी झाली आहे, असे समजावे. पत्रातील मिती आणि त्यात उल्लेखलेली घटना जुळते का, हे आपण पाहतोच की.

८/१३
आता सावधगिरी. काचेची खिडकी असलेली, अतिनील प्रकाशाने पुसता येणारी ‘ईप्रॉम’ चिप दिसली की अनेक जण लगेच ‘बनावट’ असा निकाल देतात. तो घाईचा आहे. एसएनकेच्या काही अस्सल कार्ट्रिजमध्येही ईप्रॉम बसवलेल्या होत्या. एका लक्षणावरून निवाडा करू नये. बोर्ड, क्रमांक, तारीख आणि जोडकाम यांची साक्ष एकत्र घ्यावी.

९/१३
येथे कागद आणि चिप यांच्यातला खरा फरक समोर येतो. हस्तलिखिताची प्रत करताना लेखनिकाच्या हातून चूक होते, आणि त्या चुकीवरून आपण प्रत ओळखतो. चिपवरील माहितीची नक्कल अक्षरशः तंतोतंत होऊ शकते. खेळ सुरळीत चालतो, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मजकूर मौन पाळतो. साक्ष देते ती केवळ वस्तू.

१०/१३
म्हणूनच संग्राहकांच्या एका प्रथेची मला चिंता वाटते. याच प्रणालीच्या घरगुती आवृत्तीतील दुर्मीळ कार्ट्रिज हजारो डॉलरना विकल्या जातात. त्यामुळे पार्लरच्या अस्सल कार्ट्रिज फोडून, त्यांच्या चिप्स घरगुती बोर्डावर बसवून ‘रूपांतरे’ केली जातात. तसे सांगून विकले, तर ती नक्कल. न सांगता विकले, तर बनावट. पण दोन्ही वेळा एक अस्सल वस्तू कायमची नष्ट होते.

११/१३
आणि बनावट कार्ट्रिजचे काय? ‘किंग ऑफ ग्लॅडिएटर’ हा खेळ एसएनकेने कधीच काढला नाही. तो ‘’९७’मध्ये फेरफार करून कोणीतरी बाजारात आणला. आपल्याकडे ज्या मुलांनी शाळा बुडवून नाणी घातली, त्यांपैकी अनेकांनी अशीच यंत्रे पाहिली. काकांनीही मला फसवले नव्हते. त्यांनी ती अस्सल समजूनच घेतली होती आणि तिच्यावर काही वर्षे घर चालवले होते. हा इतिहास एसएनकेच्या दफ्तरात सापडणार नाही.

१२/१३
१९९७ साली सुरू झालेल्या ‘मेम’ या प्रकल्पाने योग्य वाट दाखवली आहे. जुन्या आर्केड यंत्रांचे कार्य संगणकावर जतन करणाऱ्या या प्रकल्पात बनावट आवृत्त्यांचीही नोंद होते. मात्र स्वतंत्रपणे आणि ‘बूटलेग’ असा स्पष्ट शेरा मारून. ना त्यांना लपवले जाते, ना अस्सलच्या पंक्तीत बसवले जाते.

१३/१३
तेव्हा माझे मत असे : बनावट वस्तू फेकणे आणि ती अस्सल म्हणून विकणे, ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत. दोन्हींत साक्षीदाराचे तोंड बंद होते. माझ्या कार्ट्रिजला मी आता एक चिठ्ठी बांधली आहे : ‘बनावट. पार्लरमधून घेतली. खेळ नीट चालतो.’ आपल्या माळ्यावर अशी एखादी पडली असेल, तर विकण्यापूर्वी ती उघडून पाहा, छायाचित्रे काढा आणि ती कोठून आली हे लिहून ठेवा.